नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी व्हीआरमधले झटके परत येतात? पैसे घालण्याआधी हे आकडे वाचा

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा) हेडसेट चढवला, गेम सुरू झाला, पहिली दहा मिनिटं सगळं लोण्यासारखं. मग एका वळणावर जग क्षणभर अडखळतं. हात हलवला की हातामागून हाताचीच पुसट सावली ओढत येते. अर्ध्या तासात कपाळ जड होतं, पोटात ढवळायला लागतं आणि हेडसेट काढून ठेवावा लागतो. सेटिंग खाली आणल्या की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी माणूस ठरवून टाकतो की कार्ड म्हातारं झालंय, नवं घ्यायला हवं.

मीही हेच केलं होतं. ८ जीबीचं कार्ड काढून त्याच्या जवळपास दुप्पट ताकदीचं, १६ जीबीचं कार्ड बसवलं. पहिल्या संध्याकाळी फरक जाणवला. आठवडाभरात झटके परत आले. कार्डात काहीही खोट नव्हती. माझा पीसी नेमका कुठे कमी पडतोय, हे मी एकदाही मोजून पाहिलं नव्हतं. मोजल्यावर दोन कारणं सापडली आणि त्यातलं एक तर नव्या कार्डानेच सोबत आणलं होतं. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण माझ्या मते कार्ड बदलूनही झटके परत येतात त्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण तेच आहे.

मॉनिटरचा हिशेब इथे चालत नाही

मॉनिटरवर सेकंदाला सरासरी ८० फ्रेम (चित्रं) मिळाल्या तर आपण खूश असतो. व्हीआरमध्ये सरासरीला काही अर्थ नाही. ९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणारा, हेडसेट दर ११.१ मिलीसेकंदाला ताजं चित्र मागतो. ७२ हर्ट्झला ही मुदत १३.९ मिलीसेकंद आहे, १२० ला फक्त ८.३. चित्र ११ मिलीसेकंदांत तयार झालं तर ते वेळेवर पोचलं. ११.६ लागले तर ते हुकलं, मग भले अर्ध्या मिलीसेकंदानेच का असेना. हुकलं की हेडसेटचं सॉफ्टवेअर आधीचंच चित्र उचलतं, तुमची मान जितकी वळली तितकं ते सरकवतं आणि दाखवतं. सतत हुकायला लागलं की पीसीवर व्हीआर चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरचं मोशन स्मूदिंग किंवा क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटाचं एसिंक्रोनस स्पेसवॉर्प मध्ये पडतं: गेमला निम्म्या वेगावर, म्हणजे ४५ वर बसवतं आणि मधली चित्रं अंदाजाने बनवतं.

हा अंदाज कुठे फसतो ते नीट बघा, कारण त्यातूनच निदान सुरू होतं. मान वळवताना सगळं गुळगुळीत आहे, पण स्वतःचा हात डोळ्यांसमोरून पटकन नेला की बोटांना दुहेरी कडा दिसतात, पंख्याची पाती किंवा कुंपणाच्या जाळीभोवतीचं चित्र पाण्यात हलल्यासारखं डुचमळतं. असं असेल तर गेम निम्म्या वेगावर गेलाय. उलट मान वळवतानाच सगळं जग ओढल्यासारखं मागे राहतं आणि नजरेच्या टोकाला काळी पट्टी डोकावते, तेव्हा हेडसेटपर्यंत नवं चित्र पोचतच नाहीये. पहिल्या प्रकारात कार्ड किंवा प्रोसेसर पाहायचा. दुसऱ्यात केबल, वायफाय किंवा मागे चालू असलेलं एखादं सॉफ्टवेअर.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. टास्क मॅनेजर उघडला, कार्ड ६० टक्केच वापरात दिसलं, म्हणून ‘कार्डाला भरपूर दम आहे, दोष प्रोसेसरचा’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. गेम ४५ वर अडकवलेला असेल तर कार्ड अर्धा वेळ मोकळंच बसणार. मोजणी करायची ती मोशन स्मूदिंग किंवा स्पेसवॉर्प बंद करूनच.

कोणते आकडे, कुठे बघायचे

स्टीमव्हीआरमध्ये परफॉर्मन्स ग्राफ आहे. हेडसेटच्या आतच आकडे हवे असतील तर स्टीमवर एफपीएसव्हीआर नावाचं छोटं विकतचं सॉफ्टवेअर मिळतं, मला तेच सोयीचं वाटतं. क्वेस्ट हेडसेट पीसीला जोडून (क्वेस्ट लिंक) वापरणाऱ्यांसाठी ऑक्युलस डीबग टूल पीसीवर आधीपासूनच असतं, त्यातही हेडसेटमध्ये आकडे दाखवायची सोय आहे. कुठलंही वापरा, वाचायच्या दोनच गोष्टी आहेत: जीपीयूचा (कार्डाचा) फ्रेम टाइम आणि सीपीयूचा (प्रोसेसरचा) फ्रेम टाइम, म्हणजे एका चित्राला लागणारा वेळ, दोन्ही मिलीसेकंदांत.

मोजताना जागा ठरलेली ठेवा. त्याच गेममध्ये, त्याच ठिकाणी, त्याच दिशेला बघत अर्धा मिनिट. रिकाम्या खोलीत मोजलेले आकडे गर्दीच्या चौकात काही उपयोगाचे नसतात, त्यामुळे जिथे त्रास होतो तिथेच उभं राहून मोजा.

आता रेंडर रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती पिक्सेलचं रंगवायचं त्याचा, स्लायडर घ्या. तो १०० वरून थेट ५० टक्क्यांवर आणा, गेम बंद करून पुन्हा सुरू करा, तिथेच जाऊन परत मोजा. स्टीमव्हीआरमध्ये ही टक्केवारी एकूण पिक्सेलची असते, म्हणजे ५० टक्क्यांना कार्डावर निम्मेच पिक्सेल रंगवायचं काम पडतं. चित्र गढूळ दिसेल, दिसू द्या, खेळायचं नाहीये. झटके गेले आणि जीपीयूचा आकडा खाली आला तर कार्ड खरोखर कमी पडतंय. झटके जसेच्या तसे राहिले तर नुसतं जास्त वेगवान कार्ड घेऊन पैसे पाण्यात जातील. या एका चाचणीला दहा मिनिटं लागतात आणि नवं कार्ड घेण्याआधी ती न करणं मला आता पटतच नाही.

माझ्याकडे फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या शहरावरून जाताना जीपीयू ८ मिलीसेकंद दाखवत होता आणि सीपीयू १५. रिझोल्यूशन निम्मं केल्यावर जीपीयू ५ वर आला, सीपीयू १५ वरच. कार्ड आपलं काम संपवून प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. विमानाच्या खाली प्रत्येक इमारत, प्रत्येक गाडी कुठे आहे हे आधी प्रोसेसर ठरवतो, मग कार्ड रंगवतं. तिथे इलाज म्हणजे रहदारीची घनता आणि दूरवरच्या भूभागाचा तपशील कमी करणं. त्याने न भागल्यास प्रोसेसर बदलणं. जुना एएम४ (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा जुना सॉकेट) मदरबोर्ड असेल तर रायझन ७ ५८००एक्स३डी हा २०२२ मध्ये आलेला प्रोसेसर बहुतेक वेळा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर बसतो, आणि त्याची ९६ एमबीची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) सिम्युलेटरमध्ये फार कामाला येते. पण त्याही आधी बायोसमध्ये जाऊन रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल चालू आहे का ते बघा. ३२०० ची रॅम महिनोन्‌महिने २१३३ वर धावतेय आणि मालकाला पत्ताच नाही, ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

दहा मिनिटं बरं, मग बिघडतं: व्हीरॅम

सुरुवातीला ठीक आणि थोड्या वेळाने झटके, किंवा नव्या खोलीत, नव्या नकाशात शिरताना झटके, असं असेल तर माझा पहिला संशय कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर, म्हणजे व्हीरॅमवर जातो. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या पानावर दोन वेगळ्या ओळी असतात: डेडिकेटेड जीपीयू मेमरी आणि शेअर्ड जीपीयू मेमरी. पहिली काठोकाठ भरली आणि दुसरी हळूहळू चढायला लागली, म्हणजे कार्डात न मावणारं सामान पीसीच्या साध्या रॅममध्ये उतरवलं जातंय. तिथून ते प्रत्येक वेळी कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ओढून आणावं लागतं, आणि ११ मिलीसेकंदांच्या मुदतीत ही हमाली बसत नाही.

अशा वेळी टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी उतरवून बघा. रिझोल्यूशन कमी करून फारसा फरक पडला नाही, पण टेक्स्चर उतरवल्याबरोबर झटके गेले, तर तुम्हाला वेगवान कार्डापेक्षा जास्त मेमरीचं कार्ड हवंय. ८ जीबीचं आरटीएक्स ३०७० रंगवायला आजही चपळ आहे, पण जड सिम्युलेटर किंवा व्हीआरचॅट या गप्पांच्या ॲपमधली गर्दीची खोली त्याची मेमरी सहज संपवते. पण नुसता जीबीचा आकडा बघूनही भागत नाही. आरटीएक्स ४०६० टीआय १६ जीबीत मिळतं खरं, पण त्याची मेमरीची वाट १२८ बिटची आहे, सेकंदाला २८८ जीबी. जुन्या ३०७० ची वाट २५६ बिटची आणि वेग ४४८ जीबी. हेडसेटच्या मोठ्या रिझोल्यूशनला ही रुंदी लागते. शिवाय ४०६० टीआय पीसीआयच्या आठच लेन वापरतं. बोर्ड पीसीआय ३.० चा असेल तर ती वाटही अर्धी होते.

नवं कार्ड आल्यावर झटके परत का येतात

आता माझं ते दुसरं कारण. स्टीमव्हीआरमध्ये रेंडर रिझोल्यूशन ‘ऑटो’वर असतं. ऑटो म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या कार्डाची ताकद जोखतं आणि त्याप्रमाणे रिझोल्यूशन ठरवतं. दुप्पट ताकदीचं कार्ड लावलं की ते निमूटपणे रिझोल्यूशन वाढवतं. माझ्याकडे जुन्या कार्डावर ते १०० टक्के होतं, नव्यावर १५० झालेलं होतं. मी हात लावला नव्हता. मेटाचं पीसीवरचं सॉफ्टवेअरसुद्धा रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट कार्ड बघूनच सुचवतं.

त्यात भर म्हणजे हा एकच स्लायडर नसतो. स्टीमव्हीआरचा सगळ्या गेमसाठी एक, प्रत्येक गेमपुरता वेगळा एक आणि गेमच्या आत रेंडर स्केल म्हणून तिसरा. हे तिन्ही एकमेकांनी गुणले जातात. सगळ्यांसाठी १५० टक्के, त्या गेमला कधीतरी हौसेने दिलेले १२० टक्के आणि गेमच्या आत १.२. हा शेवटचा १.२ बऱ्याच गेममध्ये लांबी आणि रुंदी दोन्हीला लागतो, म्हणजे पिक्सेल १.४४ पट. १.५ गुणिले १.२ गुणिले १.४४ केलं की होतात जवळपास २.६ पट पिक्सेल. दुप्पट ताकदीचं कार्ड कुठे गेलं, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

मूळ १०० टक्के हेही काही थोडं नसतं. भिंगामुळे चित्र वाकतं, ते सरळ दिसावं म्हणून आधी उलटं वाकवून काढावं लागतं, आणि मध्यभाग धारदार राहावा म्हणून पडद्यापेक्षा मोठं चित्र रंगवावं लागतं. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हचा पडदा एका डोळ्याला १०८० गुणिले १२०० होता, पण स्टीमव्हीआर १०० टक्क्यांना १५१२ गुणिले १६८० रंगवायचं. पडद्याच्या जवळपास दुप्पट. आजच्या क्वेस्ट ३ चा पडदाच एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ आहे. दोन्ही मिळून ९१ लाख पिक्सेल होतात, फोर-के मॉनिटरच्या ८३ लाखांपेक्षा जास्त, आणि तेही वरचं वाढीव रंगकाम धरायच्या आधी.

म्हणून नवं कार्ड बसवल्यावर पहिलं काम: ऑटो काढून कस्टम करा, १०० टक्क्यांवर आणा, प्रत्येक गेमपुरता दिलेला आकडा १०० करा, गेमच्या आतलं स्केल १ करा. मग वर चढत जा, १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी, जीपीयूचा फ्रेम टाइम बघत. ९० हर्ट्झला १० मिलीसेकंदांच्या आसपास थांबा. ११.१ पर्यंत ताणलंत तर पहिल्याच धुराच्या लोटात फ्रेम हुकतील.

हेडसेट कोणता, यावर कार्ड ठरतं

व्हॉल्व्ह इंडेक्ससारखा हेडसेट सरळ डिस्प्लेपोर्टला लागतो. कार्डाने चित्र काढलं की ते जसंच्या तसं डोळ्यांपर्यंत जातं. क्वेस्ट २ आणि ३ ला डिस्प्लेपोर्ट नाही. केबल लावा नाहीतर वायफायवर चालवा, कार्डाला प्रत्येक चित्राचा व्हिडिओ करून, दाबून पाठवावा लागतो आणि हेडसेट तो उलगडतो. हे काम कार्डातला एन्कोडर करतो, आणि कार्ड निवडताना तो बघायचा बहुतेकजण विसरतात. आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० या कार्डांत व्हिडिओ एन्कोडरच नाही. क्वेस्टसाठी ती घेऊच नका. आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० या मालिकांपासून कार्डात एव्ही१ एन्कोडिंग (व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत) आलं आहे. क्वेस्ट ३ ते उलगडू शकतो, क्वेस्ट २ नाही, त्यामुळे क्वेस्ट २ वापरणाऱ्याने केवळ एव्ही१ साठी कार्ड बदलण्यात अर्थ नाही.

वायफायचा दोष वेगळा ओळखता येतो. झाडांची पानं, खडी, गवत अशा बारीक नक्षीच्या ठिकाणी चित्र चौकोनी ठिपक्यांनी मळकट होतं, किंवा अर्धा सेकंद गोठून एकदम पुढे उडी मारतं, आणि त्या क्षणी जीपीयू आणि सीपीयू दोघांचेही आकडे शांत असतात. मग कार्डाला हात लावू नका. पीसी राउटरला तारेने जोडा, हेडसेट ५ किंवा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवा, राउटर त्याच खोलीत आणा. बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) चढवून प्रश्न सुटत नाही, उलट कमकुवत जोडणीवर तो वाढतो.

आणि विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा हेडसेट, उदाहरणार्थ एचपी रिव्हर्ब जी२, असेल तर आधी विंडोजची आवृत्ती तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्टने या हेडसेटना असलेला आधारच काढून टाकला. नव्या कार्डाच्या निमित्ताने विंडोज ताजं केलं आणि हेडसेट चालेनासा झाला, तर दोष कार्डाचा नाही.

किती ताकदीचं कार्ड

इथे स्लायडरच दुकानदाराचं काम करतो. समजा तुम्हाला १०० टक्के रिझोल्यूशन हवंय, पण तुमच्या कार्डावर गेम ६० टक्क्यांनाच मुदतीत बसतो. १०० भागिले ६०, म्हणजे सुमारे १.७ पट वेगवान कार्ड हवं. दुसऱ्या वाटेनेही हाच हिशेब होतो: हव्या त्या सेटिंगला जीपीयू १५ मिलीसेकंद घेतो आणि तुम्हाला १० हवेत, तर दीडपट. आता चाचण्यांच्या तक्त्यांत तुमचं कार्ड शोधा आणि त्याच्या तितक्या पट पुढे कोण आहे ते पाहा. मात्र तक्ता फोर-केचा घ्या, १०८०पीचा नको, कारण तिथे प्रोसेसर आड येतो आणि मोठी कार्डं आहेत त्यापेक्षा जवळ दिसतात. फ्रेम जनरेशन लावून काढलेले आकडे सरळ सोडून द्या. ती मधली बनावट चित्रं व्हीआरमध्ये आपल्या कामाची नाहीत.

हिशेब १.२ पटीच्या आत आला तर मी कार्ड घेणार नाही. सावल्या एक पायरी उतरवल्या की तेवढा फरक निघतो. दीडपटीच्या पुढे गेला तर बदलायला हरकत नाही. मेमरी आज व्हीआरसाठी १२ जीबीच्या खाली घेऊ नये असं माझं मत आहे. हलके, तालावरचे किंवा नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला आरटीएक्स ४०७० सुपर किंवा ५०७० चे १२ जीबी पुरतात. सिम्युलेटर आणि व्हीआरचॅटसाठी १६ जीबी धरा: आरटीएक्स ४०७० टीआय सुपर, ५०७० टीआय, आरएक्स ९०७० एक्सटी, किंवा थोड्या कमी ताकदीत आरएक्स ७८०० एक्सटी. वापरलेलं घेत असाल तर १० जीबीचं आरटीएक्स ३०८० आणि १६ जीबीचं आरएक्स ६८०० यांत निवड तुमच्या व्हीरॅमच्या चाचणीवर सोडा. शेअर्ड मेमरी चढत असेल तर ६८००. ४०९० आणि ५०९० चा विचार आधी प्रोसेसर मोजल्याशिवाय करू नका. माझ्यासारखा १५ मिलीसेकंदांचा सीपीयू असेल तर ती दोन्ही कार्डं नुसती बसून राहतील.

पॉवर सप्लायकडे शेवटी तरी बघा. गेम ऐन रंगात असताना पीसी धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर ते व्हीआरचं दुखणं नाही, वीज कमी पडतेय. आरटीएक्स ३०८० एकटं ३२० वॉट घेतं आणि क्षणभर त्याच्याही वर उसळतं. दोन कनेक्टर असलेल्या कार्डाला एकाच तारेची दोन टोकं लावू नका, पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या तारा आणा. लॅपटॉपवाल्यांनी डिस्प्लेपोर्टचा हेडसेट घेण्याआधी बाहेरचा पोर्ट मोठ्या कार्डाला जोडलेला आहे की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, हे पाहून घ्यावं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो दुसऱ्यालाच असतो.

माझ्या पीसीवर आता स्टीमव्हीआर कस्टम ११० टक्क्यांवर आहे, सिम्युलेटरमधली रहदारी निम्मी केली आहे आणि सीपीयू शहरावरून जातानाही ११ च्या आत राहतो. ड्रायव्हर किंवा स्टीमव्हीआर अपडेट झालं की मी गेम सुरू करण्याआधी तो ११० चा आकडा अजून तसाच आहे ना, एवढं बघतो. मध्यंतरी एकदा तो परत ऑटोवर गेलेला सापडला होता.